वाटाड्याशिवाय कॅरिबूच्या शिकारीला: अलास्काच्या टंड्रात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकार हा विषयच मिटला, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना शिकारीचं बाळकडू घरातून मिळालेलं नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ते मिळतं शेजाऱ्याकडून, नाहीतर ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून. टेक्सासात किंवा मिशिगनमध्ये हरणांचे दोन-तीन हंगाम काढून झाले की कुणीतरी अलास्काचं नाव काढतं. हा लेख तिथवर पोचलेल्यांसाठी आहे: रायफल नीट चालवता येते, एखादं हरण स्वतःच्या हाताने सोललेलं आहे, पण टंड्रा, म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा बिनझाडांचा माळ, अजून पाहिलेला नाही.

नवखा माणूस तयारीला लागतो तो रायफलीपासून. कुठलं काडतूस, कुठली दुर्बीण, किती ग्रेन वजनाची गोळी. माझं म्हणणं, सुरुवात उलट्या टोकाकडून करा. कॅरिबू (उत्तरेकडचं मोठं, कळपाने फिरणारं हरण) पडल्यावर त्याचं मांस गाडीपर्यंत किंवा विमानापर्यंत कोण, किती फेऱ्यांत आणि कुठल्या वाटेने आणणार, हे आधी कागदावर मांडा. बाकीची यादी त्या कागदातूनच निघते.

आधी कागदपत्रं

अलास्कात बाहेरच्या राज्यातल्या अमेरिकन नागरिकाला ग्रिझली अस्वल, डॉल मेंढा आणि डोंगरी बकरा यांच्यासाठी गाइड सक्तीचा आहे (किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत हवा). कॅरिबूसाठी तशी सक्ती नाही, म्हणूनच स्वतःच्या जिवावर जाणाऱ्यांची कॅरिबूकडे गर्दी होते. कॅनडाचा पर्याय इतका मोकळा नाही. क्यूबेकने २०१८ मध्ये कॅरिबूची हौशी शिकार बंद केली, आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये बाहेरून येणाऱ्याला आउटफिटर (शिकारीची सगळी सोय करणारा व्यावसायिक) घ्यावाच लागतो.

आपल्या लोकांनी इथे विशेष लक्ष द्यावं. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आणि अमेरिकेबाहेर राहणाऱ्या माणसाला अलास्कात कुठल्याही मोठ्या प्राण्यासाठी गाइड लागतो, कॅरिबूसाठीसुद्धा. म्हणजे पुण्याहून येणारा मेहुणा तुमच्याबरोबर तंबूत राहू शकतो, मांस वाहू शकतो, पण गाइडशिवाय गोळी झाडू शकत नाही. ग्रीन कार्डवर किंवा कामाच्या व्हिसावर असाल तर आपण कुठल्या गटात मोडतो हे अलास्काच्या शिकार-मासेमारी खात्याला (फिश अँड गेम) लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. व्हिसावाल्यांसाठी दुसरीही एक गाठ आहे. संघराज्याच्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगण्याची मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हातात असेल तर तिला अपवाद आहे. या बाबतीत मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. वकिलाची फी स्थलांतराच्या भानगडीपेक्षा स्वस्त पडते.

बाहेरच्या राज्यातल्या माणसाला शिकारीचा परवाना १६० डॉलरला आणि कॅरिबूचा धातूचा टॅग (मारलेल्या जनावराला लावायची खूण) ६५० डॉलरला पडतो. हे दर २०१७ पासूनचे आहेत, निघण्यापूर्वी खात्याच्या संकेतस्थळावर ताडून घ्या. त्याशिवाय बहुतेक भागांत हार्वेस्ट तिकीट (शिकारीची नोंद ठेवणारा कागद) लागतं. ते फुकट असतं, पण ते खिशात नसताना गोळी झाडलीत तर गुन्हा होतो. नियमांची पुस्तिका दरवर्षी नवी निघते. गेल्या वर्षीची पुस्तिका घेऊन जाणारे दर हंगामात भेटतात.

कळप आणि जागा

अलास्काचे गेम युनिट, म्हणजे शिकारीचे विभाग, पाडलेले आहेत आणि प्रत्येक युनिटचा हंगाम, संख्या, नर-मादीची अट वेगळी. नवख्यांच्या बोलण्यात दोन नावं येतात: पश्चिमेकडचा वेस्टर्न आर्क्टिक कळप, ज्यासाठी कोट्झेब्यू गावाहून छोट्या विमानाने जावं लागतं, आणि उत्तरेला जाणाऱ्या डाल्टन हायवेच्या दोन्ही अंगांना फिरणारा सेंट्रल आर्क्टिक कळप.

इंटरनेटवरचे जुने अनुभव वाचताना तारीख बघा. वेस्टर्न आर्क्टिक कळप २००३ मध्ये सुमारे ४,९०,००० होता, २०२३ मध्ये सुमारे १,५२,००० उरला. त्यामुळे या कळपाच्या मुलखातल्या युनिट २३ मधल्या संघराज्याच्या मोठ्या भूभागावर बाहेरच्या शिकाऱ्यांना बंदी आली. नोआटाक आणि कोबुक नद्यांकाठच्या गावांचं पोट या कळपावर आहे, आणि त्यांचा हक्क पहिला आहे. सेंट्रल आर्क्टिक कळप २०१० च्या सुमारास ७०,००० च्या आसपास होता आणि २०१६ पर्यंत २२,००० वर आला. ‘सात-आठ वर्षांपूर्वी मित्राने दोन मारली होती’ याला म्हणूनच काही अर्थ नाही. बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या माणसाला आता एकच नर मिळतो.

जमीन कुणाची हेही नकाशावर रंगवून घ्या. डाल्टनच्या पश्चिमेला गेट्स ऑफ द आर्क्टिक राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यानाच्या हद्दीत बाहेरच्यांना शिकार बंद, त्याला लागून असलेल्या प्रिझर्व्हमध्ये (राखीव क्षेत्रात) चालू. पूर्वेला आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रय आहे, तिथे नियमांत राहून शिकार करता येते. मधेमधे स्थानिक जमातींच्या कंपन्यांच्या खासगी जमिनी आहेत. टंड्रावर कुंपण नसतं आणि पाटीही नसते, तेव्हा हद्द जीपीएसमध्ये टाकूनच निघायचं.

रस्त्याने की विमानाने

डाल्टन हायवे तेलवाहिनीसाठी १९७४ मध्ये बांधला गेला. लिव्हनगुडजवळ सुरू होऊन ४१४ मैलांवर डेडहॉर्सला संपतो. बराचसा खडीचा. पेट्रोल मिळतं युकॉन नदीवरच्या पुलापाशी, कोल्डफूटला (मैल १७५) आणि मग थेट डेडहॉर्सला, म्हणजे शेवटच्या २४० मैलांत काही नाही. मोबाइलला सिग्नल जवळजवळ नाहीच. दोन पूर्ण आकाराची जादा चाकं, ट्रकवाल्यांशी बोलायला सीबी रेडिओ, पेट्रोलचे कॅन आणि दिवसाही चालू हेडलाइट. मालवाहू ट्रक आला की वेग कमी करून बाजूला व्हा. तो रस्ता त्यांच्यासाठीच आहे आणि त्यांनी उडवलेली खडी तुमच्या काचेवर येणारच. भाड्याच्या बहुतेक गाड्यांच्या करारात खडीच्या रस्त्याला मनाई असते, त्यामुळे फेअरबँक्समध्ये खास या रस्त्यासाठी गाडी देणाऱ्याकडूनच घ्या.

आता मुख्य अडचण. युकॉन नदीपासून आर्क्टिक महासागरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैलांच्या पट्ट्यात बंदुकीने शिकार करता येत नाही. त्या पट्ट्यात फक्त धनुष्यबाण, आणि तोही धनुर्धाऱ्यांच्या प्रमाणित अभ्यासक्रमाचं कार्ड असेल तरच. रस्त्यावरून कॅरिबू शंभर पावलांवर चरताना दिसतात आणि रायफलवाला त्यांच्याकडे बघत बसतो. पट्ट्यात चारचाकी एटीव्हीही रस्ता सोडून नेता येत नाही. बोटीला परवानगी आहे, म्हणून काही जण सागावानिर्कटोक नदीचा (सगळे तिला ‘सॅग’ म्हणतात) आधार घेतात. तुम्ही पाण्यात मुरलेले नसाल तर पहिल्या खेपेला बर्फाच्या पाण्याची नदी नको.

विमानाचा मार्ग महाग पण पायांना सोपा. ट्रान्सपोर्टर किंवा एअर टॅक्सी (भाड्याचं छोटं विमान) तुम्हाला वाळूच्या पट्टीवर, डोंगराच्या सपाट माथ्यावर नाहीतर तळ्यात उतरवते आणि ठरल्या दिवशी न्यायला येते. हा विमानवाला गाइड नाही. शिकारीत मदत करायची त्याला परवानगी नाही. फोनवर त्याला तीन गोष्टी विचारा: माणशी किती पौंड सामान, मांसाच्या फेरीचे पैसे वेगळे का, आणि हवामानाने अडकलो तर काय. सुपर कबसारख्या विमानात एक माणूस आणि त्याचं मोजकं सामान एवढंच बसतं. वजन लपवू नका. पायलट काट्यावर मोजतो आणि त्याचा शब्द शेवटचा. विमानातून उतरलात त्या दिवशी शिकार करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजल्यानंतर. रस्त्याच्या कडेने गाडीने गेलेल्याला हा नियम लागत नाही.

ओझ्याचं गणित

पूर्ण वाढलेला नर सरासरी ३५० ते ४०० पौंडांचा, म्हणजे साधारण १६० ते १८० किलोंचा. हाडं काढून मांस ५० ते ६० किलो धरा. काही युनिटांत पाय आणि बरगड्यांचं मांस हाडासकटच बाहेर आणावं लागतं. तिथे आकडा बराच वाढतो.

समजा तुम्ही एकटे आहात आणि पाच मैलांच्या हद्दीच्या जरासं पलीकडे, रस्त्यापासून साधारण ८ किलोमीटरवर नर पाडलात. एका खेपेला २० किलो मांस नेलंत तर मांसाच्या तीन खेपा आणि तंबू-सामानाची एक. चार वेळा भरलेले बाहेर, तीन वेळा रिकामे आत: ५६ किलोमीटर. शहरातल्या पायवाटेवर हे दोन दिवसांचं काम. टंड्रावर सपाट जमीन नसते. कापसासारखी बोंडं येणाऱ्या गवताचे गुडघ्याएवढे ठोंब असतात, त्यांच्या डोक्यावर पाय ठेवला तर ते लचकतात आणि मधल्या फटीत ठेवला तर घोट्यापर्यंत पाणी. खाली गोठलेली जमीन, त्यामुळे पाणी मुरत नाही. ऐन पावसात चिखलणी केलेल्या खाचरात पाठीवर धान्याचं पोतं घेऊन उशांवरून चालावं, तशी चाल पडते. पाठीवर ओझं असताना ताशी दीड किलोमीटर पडलं तरी बरं. मांडा हिशोब: नुसती चालच ३५ तासांच्या आसपास, आणि तेवढा वेळ मांस कुठेतरी उघड्यावर, अस्वलांच्या मुलखात.

दोघं असाल आणि मिळून एकच कॅरिबू मारलंत तर त्याच चार खेपा वाटून प्रत्येकी दोन, म्हणजे माणशी २४ किलोमीटर. हे होण्यासारखं आहे. म्हणून माझा ठाम सल्ला: पहिल्या वर्षी दोघांत एक टॅग, नाहीतर तिघांत एक. ‘एवढ्या लांब आलोय तर दोन मारू’ हा मोह सगळ्यात महाग पडतो.

निघण्याआधी तीन-चार महिने पाठीवर २०-२५ किलो घेऊन चढ-उतार चाला. मिठाच्या किंवा तांदळाच्या पिशव्या चालतात. जिममधलं ट्रेडमिल फुप्फुसांना ठीक, घोट्यांना त्याचा उपयोग नाही.

सामान

ऑगस्ट-सप्टेंबरात एकाच दिवसात ऊन, धुकं, पाऊस आणि बर्फ होऊ शकतो. अंगावर सुती काहीही नको. भिजलेला कापूस अंगातली ऊब शोषतो. लोकर किंवा सिंथेटिक, वरून खरंच पाणी अडवणारा जाड पावसाळी जोड. बुटांवर पैसे वाचवू नका. मांडीपर्यंतचे रबरी बूट ओढे ओलांडायला लागतात.

तंबू वाऱ्यात टिकणारा हवा. जळाऊ लाकूड मिळत नाही, स्वयंपाक स्टोव्हवर. स्टोव्हचा गॅस आणि अस्वलाचा स्प्रे प्रवासी विमानात नेता येत नाही, दोन्ही फेअरबँक्स किंवा कोट्झेब्यूला विकत घ्या. छोट्या विमानात स्प्रे पायलटला दाखवून द्यायचा. तो केबिनबाहेर ठेवतो. ठरल्या दिवसांपेक्षा निदान चार-पाच दिवसांचं जादा खाणं घ्या. धुकं बसलं की विमान येत नाही आणि त्यात कुणाची चूक नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण प्रत्येक गटात एक तरी, आणि घरी एका माणसाकडे तुमचा नकाशा. पाणी उकळून किंवा गाळून प्या. कितीही नितळ दिसलं तरी जिआर्डिया (पोट बिघडवणारा जंतू) असतो.

रायफल .२७०, .३०८ किंवा .३०-०६, जी हाताला सवयीची आहे ती. कॅरिबू जखमेला चिवट नाही. अडचण अंतराची: टंड्रावर झाड नाही, घर नाही, डोळ्याला माप सापडत नाही, आणि ४०० यार्डांवरचा नर २०० वर वाटतो. रेंजफाइंडर न्या आणि घरी वाऱ्यात, बसून, पाठपिशवीवर रायफल टेकवून सराव करा. रायफल विमानात कुलूपबंद कडक पेटीत, रिकामी, काउंटरवर सांगून. काडतुसं बहुतेक विमान कंपन्यांत ११ पौंडांपर्यंत.

टंड्रावर

पहिला दिवस फक्त बसा. उंचवट्यावर, दुर्बीण घेऊन, दुपारपर्यंत. चालत्या कॅरिबूला मागून गाठता येत नाही. तो चरत चालतोय असं वाटतं तेव्हाही तो तुमच्यापेक्षा जलद जात असतो. कळप कुठल्या खिंडीतून, नदीच्या कुठल्या उतारावरून जातोय ते बघा आणि वारा तोंडावर घेऊन पुढे जाऊन थांबा. अनाक्तुवुक खिंडीतल्या नुनामिउट लोकांची रीत अशी की कळपाच्या पुढच्या कॅरिबूंना जाऊ द्यायचं, म्हणजे मागचे त्याच वाटेने येतात. पाहुण्यांनीही ती पाळावी.

आणि मग नर ओळखणं. हरणांच्या कुळात फक्त याच जातीत मादीलाही शिंगं असतात, त्यामुळे ‘शिंग दिसलं, मारलं’ इथे चालत नाही. मोठा नर मानेवरच्या पांढऱ्या आयाळीवरून आणि रुंद शिंगांवरून कळतो. घोळ होतो तो कोवळ्या नरात आणि मादीत. मागून बघा: मादीच्या शेपटीखाली काळसर ठिपका दिसतो, नराला नसतो. बाजूने पोटाखाली नराचं इंद्रिय दिसतं. खात्री पटली नाही तर बोट ट्रिगरवर जायलाच नको. आणि नर उभा कुठे आहे तेही बघा. दलदलीच्या पलीकडे, नदीपार, अंधाराला तासभर असताना दिसलेला नर सोडून द्यायचा.

गोळीनंतर

आधी टॅग आणि तिकीट. तिकिटावरची तारीख तिथल्या तिथे कापायची, टॅग जनावराला लावायचा, फोटो नंतर.

मांस बिघडवणाऱ्या तीन गोष्टी: ऊब, घाण आणि ओल. पंधरा अंशांच्या ऊन दिवसातही कातड्याच्या आत जाड मांडी हाडापाशी तासन्तास गरम राहते आणि तिथूनच आंबायला लागते. म्हणून लगेच सोला. पोट न फाडता करायची पद्धत टंड्रावर सोयीची: जनावर कुशीवर, पाठीच्या कण्यावरून कातडं चिरून वरची बाजू सोलायची, पुढचा फरा, मागची मांडी, पाठीची पट्टी, मानेचं आणि बरगड्यांचं मांस काढायचं, मग उलटवून दुसरी बाजू. कण्याच्या आतल्या बाजूच्या दोन मऊ पट्ट्या शेवटी बरगड्यांमागून हात घालून निघतात. हातमोजे घाला, आर्क्टिक कॅरिबूंमध्ये ब्रुसेलोसिस (माणसालाही होणारा जिवाणूंचा रोग) सापडतो. कातड्याखाली माशीच्या अळ्या दिसल्या तर दचकू नका, मांसाला त्याने काही होत नाही.

प्रत्येक तुकडा हवा खेळती ठेवणाऱ्या कापडी पिशवीत. प्लास्टिकमध्ये कधीच नाही, रात्रीपुरतंही नाही. टांगायला झाड नसतं, तेव्हा विलोच्या झुडपांवर किंवा खडीच्या पट्टीवर काटक्यांची चळत रचून वर मांस पसरा, खालून वारा जाऊ द्या, वरून ताडपत्री पावसापुरती. तंबूपासून निदान शंभर मीटर लांब, लांबून दुर्बिणीने दिसेल अशा जागी.

खाण्याजोगं सगळं मांस बाहेर आणणं कायद्याने सक्तीचं आहे. टाकलंत तर एक वर्षापर्यंत कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. शिंगं मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर किंवा त्यानंतरच. शिंगं आधी नेताना दिसलात तर वनरक्षकाचा पहिला प्रश्न तोच असणार.

मांसाकडे परतताना मोठ्याने बोलत, वाऱ्याच्या बाजूने वळसा घेऊन जा. मधल्या वेळात ग्रिझली तिथे येऊन बसलेलं असू शकतं, किनाऱ्याजवळ तर पांढरं अस्वलही. मांसाचा ताबा त्याने घेतला असेल तर मांस त्याचं. शिकारीचं मांस वाचवायला अस्वल मारण्याची मुभा नाही. जिवावर बेतून मारावंच लागलं तर कातडं आणि कवटी सरकारजमा करून लेखी खुलासा द्यावा लागतो.

घरी

फेअरबँक्सला मांस गोठवून खोक्यांत भरून देणारी दुकानं आहेत. सप्टेंबरात त्यांच्याकडे रांग असते, निघण्यापूर्वी फोन करून ठेवा. गोठलेली खोकी विमानात चेक-इन सामान म्हणून जातात, ५० पौंडांच्या आत ठेवली तर.

कॅरिबूच्या मांसात चरबी फारच कमी. बोकडाच्या मटणासारखं कुकरमध्ये शिट्ट्यांवर टाकलंत तर मांडी चिवट होते. पाठीची पट्टी तव्यावर, आतून गुलाबीसर असताना उतरवलेली उत्तम असं अलास्कन सांगतील, पण ब्रुसेलोसिसचा विचार करता मी पूर्ण शिजवतो आणि पट्टीऐवजी खिमा जास्त करतो. मांडी आलं-लसूण आणि दह्यात रात्रभर, मग मंद आचेवर झाकण लावून तीन तास, वरून थोडं जास्त तेल. वाटणात सुकं खोबरं भाजून घातलं की उरलेली कसर भरून निघते.

शिकारीचा अहवाल विसरू नका. कॅरिबू मिळालं असेल तर १५ दिवसांत, मिळालं नसेल किंवा गेलाच नसाल तरी हंगाम संपल्यावर १५ दिवसांत ऑनलाइन भरायचा. पाच मिनिटांचं काम आहे.